आधी कारण सांगा, मग नाव काढा

सिंधुदुर्ग हा देशातला पहिला ‘एआय जिल्हा’ असल्याचे पालकमंत्री नितेश राणे यांनी २०२५ मध्ये जाहीर केले. राज्य सरकारच्या ‘मार्व्हल’ या कंपनीच्या साहाय्याने जिल्ह्यातल्या सरकारी खात्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला सुरुवात झाली. वर्षाच्या अखेरीस नीती आयोगाचे पथक पाहणी करून गेले. इतर जिल्ह्यांनी ‘सिंधुदुर्ग मॉडेल’ उचलावे, अशी भाषा तेव्हापासून सुरू आहे.

मी देवगडचा आहे. माझा जिल्हा एखाद्या चांगल्या कामात देशात पहिला यावा, हे मलाही हवे आहे. म्हणूनच या मॉडेलच्या बाजूने जे मुद्दे सर्रास मांडले जातात, त्यांना उत्तर देणे मला गरजेचे वाटते. यंत्र लाच घेत नाही, असे म्हणतात. यंत्राला जात नाही, पक्ष नाही, भाऊबंद नाहीत. शेवटी सही अधिकाऱ्याचीच असते. आणि नियम-कायदे मागाहून होतील, आधी काम तर सुरू होऊ दे. या प्रत्येक मुद्द्यात थोडे तथ्य आहे. पण ते सगळे मिळून एका मोठ्या गोष्टीवरून आपले लक्ष उडवतात. सरकार एखाद्या माणसाचे काही काढून घेणार असेल, तर का काढून घेते हे त्याला आधी सांगायला हवे. मधे यंत्र आले म्हणून सरकार या बंधनातून सुटत नाही.

यंत्राला माझा विरोध नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी मत्स्यव्यवसाय विभागाने राज्याच्या किनाऱ्यावर ९ ड्रोनची गस्त सुरू केली आणि सिंधुदुर्गासाठी ठिकाण निवडले ते देवगड. रापणकर आणि छोट्या होडीवर पोट असलेला मच्छीमार कितीतरी वर्षे हेच मागत होता. रात्री एलईडीचा झोत पाण्यात सोडून मासळी गोळा करणाऱ्या नौका, मनाई असलेल्या पट्ट्यात शिरणारे पर्ससीनवाले, कर्नाटकातल्या मलप्याकडून येणारे हायस्पीड ट्रॉलर यांच्या मागे एखादी गस्ती नौका लावून काही होत नव्हते. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम २०२१ मध्ये बदलून दंड लाखांत नेला. एवढे होऊनही समुद्रात कोण काय करतो हे पाहायला माणूस पुरत नव्हता. ती उणीव ड्रोन काही अंशी भरून काढत असेल, तर त्याचे स्वागतच आहे.

पण त्याच २०२१ च्या दुरुस्तीत आणखी एक बदल झाला आणि त्याची चर्चा फार कमी झाली. पूर्वी असा खटला तहसीलदारापुढे चालायचा. आता तो मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यापुढे चालतो. म्हणजे ड्रोन उडवणार हे खाते, चित्रफीत बघणार हे खाते आणि दंड ठोठावणारही हेच खाते. वरून घेतलेल्या चित्रात नौका दिसते, तिचा क्रमांक दिसू शकतो, जागा नोंदली जाते. पाण्याखालच्या जाळ्याचे आस किती मोठे आहेत ते दिसत नाही. नौका मासे पकडत होती, की इंजिन बंद पडल्यामुळे वाहवत आली होती, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. आज ती चित्रफीत माणूस पाहतो. उद्या संगणकच ‘संशयित नौका’ निवडून देऊ लागेल, आणि तो दिवस फार दूर नाही. अशा वेळी तांडेलाच्या हातात ते चित्र, ती वेळ, ते अक्षांश-रेखांश पडले पाहिजेत, आणि आपली बाजू मांडायला त्याला मुदत मिळाली पाहिजे. ड्रोनमुळे परराज्यातला बडा ट्रॉलर सापडेल याचा आपल्याला आनंद आहेच. पण एखाद्या दिवशी मिठमुंबरीची एखादी छोटी नौकाही त्या चित्रात सापडेल. कार्यपद्धत त्या दिवसासाठी लिहून ठेवायची असते.

आता यंत्राच्या निःपक्षपातीपणाकडे वळतो. हा मुद्दा तपासायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. हापूसच्या बागायतदाराने तो केव्हाच तपासून पाहिला आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आंब्याच्या झाडाकडे बघायला कोणी येत नाही. महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असते. अवेळी पाऊस, थंडी, उष्णता, वारा यांचे ठरलेले आकडे त्या केंद्रात ठरलेल्या तारखांच्या आत ओलांडले गेले, तर मंडळातल्या विमा घेतलेल्या सगळ्यांना पैसे मिळतात. आकडा ओलांडला नाही, तर कोणालाच मिळत नाहीत. माणसाने काही ठरवायचे ठेवलेलेच नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द इथे पोहोचण्याआधीपासून देवगडचा बागायतदार यंत्राच्या निर्णयावर जगतो आहे.

त्या केंद्रातला तापमापक खरोखरच निःपक्षपाती आहे. त्याला बागायतदार कोण आणि विमा कंपनी कोण, हे कळत नाही. पण केंद्र कुठे उभारायचे, हे तापमापकाने ठरवले नव्हते. कुणकेश्वरच्या समुद्रकाठच्या बागेतली हवा आणि शिरगावच्या बाजूच्या आतल्या बागेतली हवा एक नसते. उघड्या कातळी सड्यावरची दुपार आणि वहाळाकाठच्या सावलीतली दुपारही एक नसते. कोणत्या तारखेपासून थंडी मोजायची आणि कोणत्या तारखेपासून ऊन, हेही माणसांनीच ठरवले. मोहोर पुढे-मागे झाला तरी तारखा जागच्या हलत नाहीत. थ्रिप्सने मोहोर करपला, फवारणीवर हजारो रुपये गेले आणि हाती काही लागले नाही, तर केंद्राच्या नोंदीत त्याचा मागमूस नसतो, कारण थ्रिप्स हा हवामानाचा घटक नाही. यंत्राचा निःपक्षपातीपणा आकडा वाचण्यापुरता असतो. त्याच्या आधीचे सगळे माणसांनी केलेले असते. ते कोणी केले, कुठे बसून केले, कोणाला विचारून केले, हे विचारायला गेले की उत्तर मिळते, “आकडा सिस्टिमनेच दिला आहे.”

विम्यात निदान योजनेचे आकडे छापलेले असतात. बागायतदार ते वाचू शकतो, त्यावर भांडू शकतो, आणि संघटनांनी भांडून दाखवले आहे. नव्या प्रकारच्या संगणकीय छाननीत तेवढेही हाती लागत नाही. कोणती माहिती कशाशी ताडली, कोणत्या कारणाला किती वजन दिले, हे ज्याचे नाव कापले गेले त्याला कळत नाही. कधीकधी कापणाऱ्यालाही कळत नाही.

लाडकी बहीण योजनेत २०२५ साली काय झाले ते पाहा. हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे उदाहरण आहे असे मी म्हणत नाही. हा साधा माहितीचा ताळमेळ होता, आणि साध्या ताळमेळातच असे होत असेल तर पुढचा विचार करायला हवा. माहिती तंत्रज्ञान विभागाने याद्या ताडून सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे सांगितले. कोणी एकाहून अधिक योजनांचा लाभ घेत होते, काही कुटुंबांत दोनाहून अधिक जणींची नावे होती, आणि काही ठिकाणी चक्क पुरुषांनी अर्ज केले होते. मंत्री आदिती तटकरे यांनी जुलैमध्ये जाहीर केले की या सर्वांचा लाभ जूनपासून तात्पुरता स्थगित केला आहे, जिल्हाधिकारी पडताळणी करतील, आणि जे पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल.

पुरुषांची नावे पकडली गेली हे उत्तमच झाले. सरकारी पैसा चोरणाऱ्याबद्दल मला सहानुभूती नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. पैसे जूनमध्ये थांबले. जाहीर जुलैमध्ये झाले. पडताळणी त्याच्याही नंतर. सरकार स्वतःच म्हणते की यांतल्या काही जणी पात्र निघू शकतात. मग त्या पात्र बाईचे महिन्याचे १,५०० रुपये कोणत्या चौकशीवरून थांबवले? तिला नोटीस गेली नाही, कारण कळवले नाही, म्हणणे विचारले नाही. पैसे आले नाहीत म्हणून ती बँकेत गेली, बँकेने सेतू केंद्रात पाठवले, तिथून अंगणवाडी सेविकेकडे, तिथून तालुक्याला. “आमचा नाव कित्याक काढलात?” या प्रश्नाला या फेरीत एकाही टेबलावर उत्तर मिळत नाही, कारण एकाही टेबलाने ते काढलेले नसते.

कोकणातली घरे संगणकाच्या तक्त्यात बसत नाहीत, हे मंत्रालयात कोणी तरी सांगायला हवे. आमच्याकडे घर एक असते आणि चुली चार असतात. रेशन कार्ड वेगळे करायचे राहून गेलेले असते, कारण आजपर्यंत त्यावाचून काही अडले नव्हते. चार भावांच्या चार संसारांतल्या बायका कागदावर एकाच कुटुंबात मोडतात, आणि ‘एका कुटुंबात दोनच’ हा नियम लावताच दोघींची नावे लाल होतात. चाकरमान्याचे नाव मुंबईतही असते आणि गावच्या घरातही. सातबारा सामाईक असतो, त्यावर पणजोबांपासूनची पंचवीस-तीस नावे असतात, त्यांतली निम्मी माणसे हयात नसतात आणि उरलेली डोंबिवली-विरारला असतात. जमीन कसणाऱ्याच्या वाट्याला किती गुंठे, हे गावातल्या कोणालाही विचारले तर सांगता येते, तक्त्याला सांगता येत नाही. लग्नानंतर बाईचे नाव, आडनाव आणि गाव एकदम बदलते, आणि आधारवरचे नाव बँकेतल्या नावाशी अक्षराने चुकते. मासळी साफ करून करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्या बायकांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. २०२५ च्या शरदात याच योजनेसाठी ई-केवायसी सक्तीचे झाले, आणि त्यात पती किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी मागितला गेला. ज्यांचे वडील वारले आहेत आणि नवराही नाही, त्यांनी कोणाचा ओटीपी आणायचा? ओरड झाली, मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. योजना आखताना देवगडच्या एका तरी अंगणवाडी सेविकेला विचारले असते, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी कळला असता.

म्हणून ‘यंत्र लाच घेत नाही’ हे उत्तर मला पुरत नाही. लाच मागणारा कारकून वाईटच. पण त्याच्या विरुद्ध तक्रार करता येते. लाचलुचपत प्रतिबंधक खाते आहे, साहेब आहेत, वर्तमानपत्र आहे. त्याचा जाच एका वेळी एकाला होतो. चुकीच्या नियमावर चालणारे यंत्र मात्र सारख्या परिस्थितीतल्या सगळ्यांना एकाच रात्रीत सारखेच बाद करते, आणि तक्रार कोणाविरुद्ध करायची हेच कळत नाही. लाचखोरी थांबवायला यंत्र आणा, जरूर आणा, पण यंत्राची चूक सुधारायची वाट आधी बांधा.

जगात हा अनुभव कोणाकोणाला कसा आला, याच्या कहाण्या आता पुष्कळ झाल्या आहेत. त्यांतली ऑस्ट्रेलियाची मला देवगडसाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथे सरकारी भत्ता घेणाऱ्याने दर पंधरवड्याला आपली कमाई कळवायची असते. साधारण २०१६ पासून सरकारी संगणक आयकर खात्याकडून वर्षाची एकूण कमाई घेऊ लागला, तिचे सव्वीस सारखे भाग पाडू लागला आणि माणसाने कळवलेल्या आकड्यांशी ते ताडू लागला. फरक दिसला की थेट थकबाकीची नोटीस. ज्यांना वर्षभर सारखा पगार होता त्यांचे जमले. ज्यांना चार महिने काम आणि आठ महिने बेकारी होती, ते सगळे कागदावर लबाड ठरले. लाखो माणसांकडून जे देणे कधी नव्हतेच ते वसूल झाले. पुढे सरकारला योजना गुंडाळावी लागली, पैसे परत करावे लागले, आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने सरकारवर कडक ताशेरे ओढले.

या गणिताचे देवगडला काय होईल याचा विचार करा. आंब्याचा पैसा मार्च ते मे या दिवसांत येतो आणि त्यातून वर्षभराची खते, फवारण्या, राखणदाराचा पगार आणि सोसायटीचे कर्ज भागवायचे असते. १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो, खलाशाच्या घरात दोन महिने कमाई नसते. एप्रिलमध्ये खात्यात आलेल्या रकमेवरून कोणी बागायतदाराचे उत्पन्न ठरवले, तर तो श्रीमंत दिसेल. त्याच माणसाला सप्टेंबरमध्ये पाहिले तर तो उधारीवर किराणा आणत असेल. वर्षाची सरासरी काढली तर जे दिसेल ते एप्रिललाही खरे नसेल आणि सप्टेंबरलाही. पुणे, नागपूर किंवा बंगळुरूत बसून ज्याने नियम लिहिला, त्याच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो. त्याच्या मनात वाईट काही नसते. पण हंगामी कमाई म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या छाननीत हजारो आईवडिलांना खोटे ठरवले गेले. दुहेरी नागरिकत्व हे संशयाचे एक कारण म्हणून वापरले गेले होते. त्या प्रकरणावरून १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुटे यांच्या सरकारने राजीनामा दिला. आपल्या शेजारच्या तेलंगणात २०१६ पासून सुमारे १९ लाख रेशन कार्डे नोटीस न देता रद्द झाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरोघरी जाऊन पडताळणी करायला सांगितले. ‘अल जझीरा’ने २०२४ च्या जानेवारीत छापलेल्या वृत्तानुसार, फेरपडताळणीत पहिले २ लाखांहून अधिक अर्ज तपासून झाले तेव्हा त्यांतले १५ हजारांहून अधिक पात्र निघाले. एवढी घरे रेशनच्या तांदळाला मुकली होती, आणि एकाही अधिकाऱ्याने त्यांना ‘तुम्ही अपात्र का’ हे सांगितले नव्हते. तिथे माणसे ताडणारी जी संगणक प्रणाली होती तिचा तपशील माहितीच्या अधिकारात मागितला, तेव्हा खासगी कंपनीच्या हक्काचे कारण देऊन तो नाकारण्यात आला. सरकारी तांदूळ कोणाला द्यायचा याचा नियम ही कंपनीची खासगी मालमत्ता कशी असू शकते, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणाकडून मिळालेले नाही.

आपल्याकडे ‘मार्व्हल’ ही खासगी कंपनी नाही, राज्य सरकारची आहे, आणि हे चांगले आहे. २०२४ च्या मार्चमध्ये ती स्थापन झाली ती पोलिसांसाठी. दक्षता आणि कायद्याची अंमलबजावणी हे तिच्या नावातच आहे. पोलिसाच्या कामाची सुरुवात संशयातून होते, ती तशी व्हावीही लागते. पण आरोग्य केंद्र, परिवहन कार्यालय किंवा पंचायत समिती यांच्याकडे येणारा माणूस हा संशयित नसतो, तो नागरिक असतो. संशयित शोधण्यासाठी उभी राहिलेली संस्था सेवा देणाऱ्या खात्यांत येते, तेव्हा तिने कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते विचारायचे नाहीत, हे लेखी ठरले पाहिजे. कंपनी सरकारी असल्यामुळे माहितीचा अधिकार तिला लागू व्हायला हवा. तपासाचे काम गुप्त ठेवण्याची सूट जिथे लागू असेल तिथे असो. पण तीच सूट पांघरून फळपिकाच्या किंवा रेशनच्या कामाची माहिती नाकारता येणार नाही, हे जिल्हा प्रशासनाने आत्ताच स्पष्ट करावे.

सही अधिकाऱ्याची असते, हा मुद्दा ऐकायला भक्कम वाटतो. पण सही करणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तालुक्याच्या कचेरीत निम्मी पदे रिकामी असतील, एका माणसाकडे तीन टेबले असतील, आणि सकाळी संगणकावर चारशे नावांची लाल यादी येत असेल. यंत्राचे ऐकले तर कोणी विचारत नाही. ऐकले नाही आणि उद्या ते नाव खरेच बोगस निघाले, तर खुलासा द्यावा लागतो, चौकशी लागू शकते. असा माणूस चारशेपैकी किती नावांसाठी यंत्राविरुद्ध सही करील? मी त्या कर्मचाऱ्याला दोष देत नाही, त्याच्यावर लादलेल्या व्यवस्थेला देतो. इथे उलट नियम हवा. यंत्राच्या सांगण्यावरून लाभ थांबवणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लिहावे, आणि यंत्राचे न ऐकता लाभ चालू ठेवणाऱ्याला संरक्षण असावे. त्यासाठी त्याच्या हाताखाली माणसे द्यावी लागतील. यंत्र आले म्हणून रिकामी पदे भरायची नाहीत, असे जर कोणाच्या मनात असेल, तर हे मॉडेल पहिल्याच पावसाळ्यात उघडे पडेल.

आणि आता तो शेवटचा मुद्दा, नियम मागाहून होतील. मला याचाच सर्वाधिक राग येतो, कारण तो निम्मा खोटा आहे. निम्मे नियम आजच आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधले कलम ४(१)(घ) सांगते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यायची आहेत. त्यासाठी कोणी अर्जही करायला नको, स्वतःहून द्यायची आहेत. त्यात ‘माणसाने घेतलेला निर्णय’ असे म्हटलेले नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा नाकारली तर कारण लेखी कळवावे लागते, आणि पहिले अपील, दुसरे अपील, आयोग अशी पुरी वाट आहे. दुसऱ्याचे ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय करायचा नाही, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मनेका गांधी खटल्यापासून, म्हणजे १९७८ पासून, अनेकदा ठसवले आहे. या देशात यंत्राच्या नावाखाली कारण न सांगण्याची मुभा कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. ‘सिस्टिममध्ये असेच दाखवते’ हे कारण नाही, आणि तसे लिहिलेला आदेश अपिलात टिकू नये.

उरलेले निम्मे नियम खरेच नाहीत, आणि तिथे चिंता करण्यासारखे बरेच आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, पण वेगळा कायदा सध्या नको अशीच त्यांची भूमिका आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये आला, त्याचे नियम त्याच नोव्हेंबरात अधिसूचित झाले. पण अनुदान, लाभ, दाखले देण्यासाठी माहिती वापरायला सरकारला त्यात संमतीची गरज नाही, आणि केंद्र सरकार हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट देऊ शकते. याच कायद्याने माहिती अधिकारातले खासगी माहितीचे कलमही अधिक आवळले. नागरिकाची माहिती सरकारला सहज मिळते, आणि सरकारची माहिती नागरिकाला मिळणे अधिक अवघड होते. अशा वेळी ‘आधी सुरू करू’ म्हणणाऱ्यांनी कॅनडाकडे पाहावे. तिथे २०१९ पासून सरकारी खात्याने स्वयंचलित निर्णय प्रणाली वापरण्याआधी तिचा लोकांवर काय परिणाम होईल याचे मूल्यमापन करून ते प्रसिद्ध करायचे असते, आणि परिणाम जितका गंभीर तितकी माणसाची देखरेख वाढवायची असते. कॅनडा फार दूर वाटत असेल तर केरळ पाहा. तिथल्या उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढले आणि निष्कर्ष, दिलासा, आदेश किंवा निकाल देण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला मनाई केली. त्यामुळे केरळची न्यायालये मागास ठरली नाहीत.

आधी कारण सांगायचे ठरवले तर काम मंदावेल, असे कोणी म्हणेल. थोडे मंदावेल. काढायच्या नावांमागे एक नोटीस, एक मुदत, एक घरभेट एवढे काम वाढेल. पण चुकून काढलेले नाव परत घालायला आज त्या बाईला जितक्या फेऱ्या माराव्या लागतात, त्यांचा हिशेब कोणत्याच खात्याच्या खर्चात धरला जात नाही. विजयदुर्गहून देवगडला यायचे तर एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि एक अख्खा दिवस जातो. तो खर्च सरकारने स्वतःकडे घ्यावा, एवढेच मागणे आहे.

देवगड तालुक्यापुरते बोलायचे तर हे काम आजपासून करता येते, त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहायला नको. तहसील कार्यालयाच्या फलकावर आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर एक नोंदवही मराठीत प्रसिद्ध करावी. कोणते खाते कोणती संगणक प्रणाली वापरते, ती कोणी बनवली, ती कोणती माहिती कुठून घेते, तिच्या आधारे काय ठरते, आणि त्या निर्णयाला जबाबदार अधिकारी नावानिशी कोण, हे त्यात असावे. माहिती अधिकाराचे कलम ४ हेच सांगते, त्यासाठी वेगळा शासन निर्णयही लागणार नाही. नीती आयोगाच्या पथकाला मॉडेल दाखवताना ही नोंदवही पहिल्या पानावर असती, तर ‘देशात पहिला जिल्हा’ म्हणायला मीही मागे राहिलो नसतो. ड्रोनच्या आधारे खटला झाला तर चित्रफीत नौकामालकाला मोफत मिळावी. फळपीक विम्याच्या हवामान केंद्राची रोजची नोंद त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीत लागावी, म्हणजे वाद मे महिन्यात न होता जानेवारीतच होईल आणि बिघडलेले केंद्र वेळेत दुरुस्त होईल. लाभ थांबवण्याआधी मराठीत नोटीस जावी, आणि ग्राम महसूल अधिकारी किंवा अंगणवाडी सेविका प्रत्यक्ष घरी जाऊन आल्याशिवाय नाव काढू नये.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. कुणकेश्वर, पडेल, मिठबाव, गिर्ये, जिथे जिथे आंबा, मासळी, रेशन किंवा पेन्शनचा प्रश्न आहे, तिथल्या ग्रामसभांनी ठराव करून तो तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, आणि प्रत पालकमंत्र्यांना द्यावी, कारण ते कणकवली-देवगड-वैभववाडीचे आमदारही आहेत. ठरावात बाकी काहीही असो, एक वाक्य नक्की असावे: चौकशी पूर्ण होऊन लेखी कारण हाती पडेपर्यंत चालू लाभ चालूच राहील.